गिझर मधेच विझतो आणि सासूबाईंना चक्कर येते

खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय. नवं स्लॅबचं घर, पाच बाय सहाची न्हाणी, तिच्यातच भिंतीवर सहा लिटरचा गॅस गिझर, दोन वर्षांपूर्वी बसवलेला. तक्रारी अशा: नळ सोडला की टकटक वाजतं, पण पेटायला वेळ लागतो आणि कधी कधी ‘भप्’ करून पेटतो. आंघोळीच्या मधेच विझतो, मग पाच-दहा मिनिटांनी आपोआप ठीक होतो. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, “सासूबाईंना परवा न्हाणीतून बाहेर येताना चक्कर आली, पण त्यांना बीपी आहे.” गिझर दुरुस्त होईल की नवा घ्यावा, हा त्यांचा प्रश्न.

ताई, कंसातलं आधी घेऊ. उद्या सकाळी गिझर पेटवू नका. पाणी शेगडीवर तापवा, परड्यात चूल असेल तर तिच्यावर हंडा चढवा. चार दिवस अडचण होईल, होऊ दे. सासूबाईंना डॉक्टरकडे न्या आणि “न्हाणीत गॅसचा गिझर आहे, त्यानंतर चक्कर आली” हे वाक्य स्वतःहून सांगा. नुसती चक्कर सांगितलीत तर डॉक्टर बीपीच बघणार, त्यांची तरी काय चूक? घरात आणखी कुणाला आंघोळीनंतर डोकं जड होणं, मळमळणं, पाय लटपटणं असं होतंय का, तेही विचारा. बायका-पोरं हे सांगत नाहीत. ‘उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून असेल’ असं आपलं आपणच ठरवतात.

मी बेळगावात २८ वर्षं शेगड्या आणि गिझर उघडतोय. ‘मधेच विझतो’ आणि ‘चक्कर येते’ या दोन गोष्टी एकाच पत्रात आल्या की मी त्यांना दोन तक्रारी धरत नाही.

हिशेब साधा आहे. सहा लिटरचा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. म्हणजे १८ अंशांचं टाकीतलं पाणी ४३ वर जातं. एवढ्यासाठी तो तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. दहा मिनिटांची आंघोळ म्हणजे साधारण १६० ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १५ किलोच्या वर हवा लागते, तेव्हा या १६० ग्रॅमना दोन घनमीटर हवा लागली. तुमची न्हाणी पाच बाय सहा, उंची आठ फूट धरली तर सगळी मिळून पावणेसात घनमीटर. दार लावलेलं, सरकती खिडकी थंडी म्हणून बंद. एका माणसाच्या आंघोळीत खोलीतल्या जवळजवळ एक तृतीयांश हवेतला प्राणवायू गिझरनं खाल्ला. पाठोपाठ दुसरा माणूस शिरतो. तिसऱ्याच्या वाट्याला काय उरतं ते तुम्हीच बघा.

हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. गॅस जळून गेला की तो वासही गेला. म्हणून ‘वास तर काहीच येत नव्हता’ या बोलण्याला माझ्या लेखी किंमत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला आधी आळस येतो, मग गुडघ्यातलं बळ जातं, आणि कडी काढायला हात वर जात नाही. घरच्यांना वाटतं आत अजून पाणी चालू आहे.

जुन्या कौलारू घरात हे होत नसे. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या दाराशी, वर कौलं, कौलांच्या फटीतून उजेड यायचा आणि धूर जायचा. बंब पेटवला की धूर डोळ्यांत जायचा, मग माणूस शिव्या घालत का होईना, दार उघडायचा. आता कौलं गेली, स्लॅब आला, फटी बुजल्या, टाइल छतापर्यंत गेल्या, आणि त्या डबीत आपण बंबापेक्षा जोरात जळणारी वस्तू टांगली. वीज जाते म्हणून गॅस गिझर घेतात हे मला मान्य आहे. पावसात जांबोटी-कणकुंबीकडे लाइन पडली की केव्हा येईल सांगता येत नाही. घ्या की. पण लटकवायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे. त्याच्यावर शेवटी येतो.

माझंच सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा अशाच एका न्हाणीत ज्योत बघत बसलो होतो. वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून दार ओढून घेतलेलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पाना हातातून पडला आणि वाकून उचलायचा कंटाळा आला. तो कंटाळा मला अजून आठवतो, कारण दुखत काही नव्हतं. घरातल्या आजींनी चहा घ्यायला हाक मारली म्हणून उठलो, आणि उंबऱ्यावरच बसलो. त्या म्हणाल्या, “काय ओ, तोंड असं का झालंय?” अर्धा दिवस डोकं ठणकत होतं. तेव्हापासून दार लावून गिझर तपासायचा नाही हा माझा नियम.

आता मधेच विझण्याकडे वळू. गिझर मधेच विझायची चार-पाच कारणं असतात आणि तो कसा विझतो त्यावरून ती ओळखता येतात. बहुतेक गिझरमध्ये २० मिनिटांचा टायमर असतो. सलग २० मिनिटं झाली की तो स्वतःच बंद होतो. हा विझला तर नळ बंद करून पुन्हा सोडला की लगेच पेटतो. तुमचा पाच-दहा मिनिटं थांबल्यावर पेटतो, म्हणजे हा टायमर नव्हे. दुसरं, स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की पाण्याचा दाब पडतो आणि गिझर विझतो, तो नळ बंद झाला की पुन्हा येतो. तेही तुमच्याशी जुळत नाही.

तिसरं कारण सिलिंडर. याच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला गॅस आत द्रवरूपात असतो आणि उकळून वर येतो. उकळायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. शेगडीला थोडाच गॅस लागतो, तिला पुरतं. गिझर तासाला किलोच्या हिशेबानं ओढतो. डिसेंबर-जानेवारीची पहाट, सिलिंडर संपत आलेला, तळाशी थोडासा द्रव. चार बादल्यांत सिलिंडर एवढा गार पडतो की बाहेरून दव धरतं. मग दाब पडतो, ज्योत बुटकी होत होत विझते. थोडा वेळ थांबलं की पत्रा पुन्हा हवेच्या तापमानाला येतो, गिझर पेटतो. शेगडी मात्र सगळा वेळ चालूच असते, म्हणून कुणी सिलिंडरवर संशय घेत नाही. विझल्याबरोबर सिलिंडरच्या खालच्या अंगाला हात लावून बघा. गार आणि ओलं लागलं तर दोष सिलिंडरचा. त्याच्यावर गरम पाणी ओतू नका, खाली निखारे तर नाहीच नाही, असं करणारे लोक मी बघितलेत. भरलेला सिलिंडर गिझरला लावा आणि संपत आलेला शेगडीला, एवढंच करायचं.

चौथं कारण म्हणजे गिझरची राखण करणारे सेन्सर. एक तांब्याच्या कॉइलवर, म्हणजे ज्या नळीतून जाताना पाणी तापतं तिच्यावर असतो, ती फार तापली की गॅस तोडतो. काही गिझरमध्ये हवेतला प्राणवायू घटला की गॅस बंद करणारी सोयही असते. ज्याच्यात ती नाही त्याच्यातही ज्योत हवेअभावी तरंगायला लागली की ज्योत ओळखणारी सळई तिला ‘ज्योत नाही’ असंच समजते आणि गॅस तोडते. सेन्सरनं विझवलेला गिझर ओळखायची खूण अशी: ज्योत बुटकी होत नाही, चांगली जळत असते आणि एकदम ‘टक्’ करून जाते. मग काही मिनिटं पेटत नाही. तुमचं वर्णन याच्या जवळचं आहे. चौथा माणूस आंघोळीला गेला की विझतो, पहिला कधीच नाही, असं असेल तर मला आणखी पुरावा नको. गिझर तुम्हाला वाचवतोय.

आणि इथेच घात होतो. अनगोळला एका घरी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून अभ्यंगस्नानं, सहा माणसं, तेल-उटणं, खिडक्या बंद. मागच्या वर्षी गिझर तिसऱ्या माणसाला विझायचा, यंदा एकदाही विझला नाही, पण थोरल्या मुलाला न्हाणीतच उलटी झाली. मी खोका उघडला. सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी तोडून एकमेकींत पिळलेल्या, वर काळी टेप, नीट गुंडाळलेली. आधीच्या कुणीतरी ‘विझण्याची तक्रार’ दुरुस्त करून पैसे घेतले होते. ताई, तुमच्याकडे मागच्या दोन वर्षांत कुणी गिझर उघडला असेल तर येणाऱ्या मेकॅनिकला खोका काढून अशी जोडलेली वायर आहे का बघायला सांगा, आणि तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून बघा. ‘सेन्सर काढून टाकतो, त्रास जाईल’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तपासणी करायची ती मेकॅनिकसमोर, दार-खिडकी सताड उघडी, आत कुणी नाही, नळ बादलीत सोडलेला. उघड्या दारात सलग पंधरा मिनिटं न विझता चालला तर गिझर बरा आहे, न्हाणी वाईट आहे. उघड्या दारातही विझला तर कॉइल बघावी लागेल. गिझरच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघा. निळी, आखूड, सारखी हवी. टोकं पिवळी, लांब, लवलवणारी असतील तर आत काजळी धरली आहे. कॉइलच्या तांब्याच्या पात्यांमधून जळलेली हवा वर जाते. त्या पात्या काजळीनं बुजल्या की धूर वर जायचा बंद होतो, ज्योत आणखी पिवळी होते, आणखी काजळी धरते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. कॉइल काढून अंगणात नेऊन मऊ ब्रशनं झाडायची, मग पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवून बसवायची. जागेवरच फुंकर मारून भागत नाही.

पिवळ्या ज्योतीचं आणखी एक कारण आपल्या भागात पावसाळ्यानंतर हमखास सापडतं. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी, जिथून हवा आत ओढली जाते, तिथे कोळी जाळं करतो किंवा कुंभारमाशी मातीचं घर बांधते. गणपतीला मुंबई-पुण्याहून माणसं येणार म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी गिझर सुरू करतात आणि तो धूर ओकतो. एकदा धूर जायच्या पाइपात चिमणीचं अख्खं घरटं निघालं होतं. गिझर बरेच दिवस बंद राहिला असेल तर पहिल्यांदा पेटवताना आत कुणी आंघोळीला जाऊ नये.

आता तुमची पहिली तक्रार, उशिरा पेटणं आणि ‘भप्’. ही त्या मानानं सोपी. आत काय घडतं ते कळलं की निम्मं काम तुम्हीच कराल. नळ सोडला की पाणी गिझरच्या खालच्या पितळी डब्यातून जातं. त्यात रबरी पडदा असतो, आम्ही डायफ्रॅम म्हणतो. पाण्याच्या दाबानं पडदा फुगतो, एक बारीक पिन ढकलतो, पिन एक छोटं बटण दाबते. मग सेलवर चालणारा खोका टकटक ठिणग्या सोडतो आणि गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागली की सळई ती ओळखते आणि ठिणग्या थांबतात. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम.

टकटक येते पण पेटत नाही, म्हणजे पाणी ठीक आहे, ठिणगी किंवा गॅस कमी पडतोय. आधी सेल. दोन मोठे सेल, दोन्ही एकदम नवे घाला. एक जुना एक नवा चालत नाही. रिचार्जचे सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ होतात आणि गिझरला लागतात ३. टकटक वाजायला तेवढे पुरतात, गॅसचा व्हॉल्व्ह धरून ठेवायला पुरत नाहीत, म्हणून ‘सेल तर आहेत की, वाजतंय की’ असं वाटून माणूस फसतो. सेलच्या डब्यातल्या पत्तीवर हिरवा-पांढरा गंज असेल तर चाकूनं खरवडून काढा. आपल्याकडच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत हा गंज येतोच.

सेल बदलूनही ‘भप्’ राहिलं तर ठिणगीची सुई. सुई आणि बर्नर यांत चार-पाच मिलिमीटरचं अंतर हवं. सुई वाकली किंवा काजळली की ठिणगी भलतीकडे उडते, गॅस तोवर साठत राहतो आणि मग सगळा एकदम पेटतो. तोच तुमचा ‘भप्’. तोंड खिडकीशी नेऊन बघायचं नाही, भुवया जातात. माझ्या गेल्यात. ज्योत लागून दोन-चार सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी सळई काळी झालेली असते, मेकॅनिक ती झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं पुसतो आणि दोन मिनिटांत काम होतं. एवढ्याशा कामासाठी ठिणगीचा अख्खा खोका बदलायला लावणारेही आहेत, म्हणून सांगितलं.

सिलिंडर बदलल्यावर पहिल्या तीन-चार वेळा पेटला नाही तर घाबरू नका, पाइपात हवा असते. रेग्युलेटर मात्र घरगुतीच हवा. हॉटेलवाले मोठ्या भट्टीला लावतात तो दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर ‘ज्योत मोठी येते’ म्हणून गिझरला लावलेला मी निपाणीत एका घरी पाहिला. गिझर घरगुती सिलिंडरच्या ठरलेल्या दाबासाठी, म्हणजे ३०० मिलिमीटर पाण्याच्या दाबासाठी बनलेला असतो. जास्त दाबानं ज्योत पात्यांना भिडते आणि काजळीच काजळी. तसंच घरात पाइपचा गॅस आला तर एलपीजीचा गिझर नुसती नळी जोडून चालत नाही, जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलावे लागतात.

नळ सोडल्यावर टकटकच येत नाही, अशी तुमची तक्रार नाही, पण तुमच्या शेजारणीची असणार, म्हणून थोडक्यात. सेल बघून झाले की दोष पाण्याचा. बहुतेक गिझरना पेटायला दोन-अडीच मीटर उंचीच्या टाकीएवढा दाब लागतो. नेमका आकडा गिझरच्या पाटीवर असतो. एकमजली घरावर टाकी स्लॅबलाच टेकवलेली असली की गिझर जेमतेम पेटतो. मग शॉवरची भोकं क्षारानं बुजली की तेवढाही दाब उरत नाही. शॉवरची तोटी काढून नुसत्या नळानं बघा. पेटला तर तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, गिझरला हात लावू नका. गिझरच्या पाणी येण्याच्या तोंडाला बारीक जाळी असते. टाकी धुतल्यावर किंवा पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी आल्यावर ती हमखास बुजते. आटा सैल करून जाळी बाहेर काढा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. एवढ्यावर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचतात, पण सांगितलं नाही तर चैन पडत नाही. जाळी साफ, दाब ठीक, तरी टकटक नाही, तर पडदा फाटलाय. तो काढून उजेडासमोर बोटांनी ताणून धरला की टाचणीएवढं भोक चांदणीसारखं दिसतं.

खानापूरकडच्या जांभ्या मातीच्या विहिरींचं पाणी मऊ असतं. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी असेल तर कॉइलच्या आत खार धरतो. मग गिझर बंबासारखा घुरघुरतो, पाणी कमी येतं आणि चटका देतं. कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं खार काढता येतो. फरशी धुवायचं ॲसिड घालू नका. खार जाईल, कॉइलही जाईल.

आता दोन गोष्टी जिथे दुरुस्तीचा विचारच करायचा नाही, हातातलं टाकून धावायचं. नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहिली तर पिन अडकली आहे. आत पाणी न हलता उकळतंय, त्याची वाफ होते आणि कॉइल फुटते. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. दुसरी, गॅसचा वास. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. दिवा लावू नका, लावलेला असेल तर विझवूही नका, बटणाची ठिणगी दोन्ही वेळा उडते. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, आणि फोन अंगणात जाऊन १९०६ ला. वास नसताना नुसती शंका असेल तर जोडांवर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे येतील. काडी ओढून बघणारे वाचले ते नशिबानं. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी ती बदलायची, उंदरानं कुरतडली असेल तर त्याच दिवशी.

आणि न्हाणीत माणूस पडला, दार वाजवून उत्तर नाही, तर हाका मारत बसू नका. एकानं सिलिंडर बंद करावा, दुसऱ्यानं दार फोडावं. श्वास रोखून आत शिरा आणि माणसाला उघड्यावर ओढून आणा. पडलेल्याला उचलायला गेलेला दुसराही पडतो. १०८ ला फोन करा आणि पुन्हा तेच, ‘गॅस गिझर’ हे शब्द सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र अशा माणसाला ९८-९९ दाखवू शकतं, कारण त्याला रक्तातला प्राणवायू आणि हा विषारी वायू यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला आला म्हणून घरी घेऊन येऊ नका.

मग आता दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? तुमचा गिझर दोन वर्षांचा आहे, आयएसआय खूण असेल तर नवा घ्यायची गरज नाही. सेल, सुई, सळई, काजळी, एवढं एका सकाळचं काम. पण तो पुन्हा त्या भिंतीवर लावू नका. नवा घेऊन त्याच भिंतीवर लावलात तर पैसे वाया. मोठी खिडकी करू का, एक्झॉस्ट फॅन लावू का, असं लोक विचारतात. फॅन हवा बाहेर ओढतो, पण आत यायला वाट नसेल तर तो गिझरच्याच पाइपातून धूर परत आत ओढतो. खिडकी असते, पण थंडीत ती बंदच राहणार, हे मी २८ वर्षं बघतोय. तिकडे इंग्लंडमध्ये घराघरात गॅसचा बॉयलर असतो. त्याचा ज्वलनाचा डबा खोलीपासून बंदिस्त, ज्योतीला लागणारी हवा बाहेरून पाइपानं आत आणि धूर पाइपानं बाहेर, शिवाय नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही असा कायदा. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा तिकडे आहे, तो सुट्टीला आला की बापाच्या न्हाणीतला गिझर बघून हादरतो. बापाला वाटतं पोरगा साहेब झाला. यात पोरगाच बरोबर.

गिझर न्हाणीच्या भिंतीच्या पलीकडे, बाहेर लावा. गरम पाण्याचा पाइप तेवढा भिंतीतून आत आणा. सिलिंडरही बाहेर, सपाट जागी, गटाराच्या तोंडाजवळ किंवा खड्ड्यात नको. तुमच्याकडचा पाऊस आणि वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तम, नाहीतर वाऱ्यानं ज्योत विझत राहील आणि तुम्ही पुन्हा मला लिहाल. वर पत्र्याचा वळचणीसारखा तुकडा ठोका, गिझरच्या डोक्यापासून चांगला हातभर वर. पत्र्याची पेटी करून चारही बाजूंनी बंद करू नका. एकानं तशी करून तिला कुलूप लावलं होतं, चोरी होईल म्हणून. बाहेरून पाइप लांबेल, पहिली अर्धी बादली गार येईल. ती बाजूला काढून ठेवा, विसळायला होते.